रुंद टायर, वजन आणि हवा

भिलाईतल्या खुर्सीपारला लागून जाणारा जीई रोड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53. जुने चालक त्याला अजून 'सहा नंबर'च म्हणतात. या रस्त्याने पूर्वेला रायपूर आणि पश्चिमेला राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली, तेव्हापासून इथे वजन वाहणं हाच मोठा धंदा आहे. सळ्या, पत्रे, सिमेंट आणि भाजी वाहणाऱ्या सीजी 07 पासिंगच्या पिकअप दिवसभर दिसतात. अलीकडे हौसेने घेतलेली एखादी व्ही-क्रॉस किंवा हायलक्सही दिसते. टायर बदलायची वेळ आली की दोन्ही मालकांना सल्ला एकच मिळतो: एक साइज वरचा घ्या, गाडी रोड धरेल.

या सल्ल्यामागचा समज असा, की टायर रुंद म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकणार. पण किती रबर टेकणार हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवतात. एका चाकावर 600 किलो भार आहे आणि हवा 40, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.8 किलो, असं धरा. भागाकार केला की टेकणारं क्षेत्र साधारण 215 चौरस सेंटिमीटर येतं. टायरच्या बाजूही थोडा भार उचलतात, त्यामुळे आकडा काटेकोर नाही. पण टायर रुंद घेतला आणि हवा तीच ठेवली, तर क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, हे त्यातून कळतं. बदलतो तो आकार. ठसा रुंदीला वाढतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणावर याचा थोडा फायदा मिळतो, तो नाकारायचं कारण नाही. मात्र रुंद टायरच्या नावावर जमा होणारी बरीचशी पकड रबराच्या प्रतीची असते, आणि चांगल्या प्रतीचं रबर मूळ मापातही मिळतं.

पावसात हाच आखूड ठसा महागात पडतो. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर या संशोधकांनी 1963 साली पाण्यावर टायर तरंगण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. धावपट्टीवरच्या विमानांसाठी तो होता, पण टायर इथून तिथून हवेवरच चालतात. त्यांच्या सूत्रानुसार पाण्याचा थर नक्षीच्या खोलीहून जास्त असेल, तर हवा 36 असताना चाक ताशी सुमारे 100 किलोमीटरला रस्ता सोडतं; 25 असताना 83 लाच. हवा कमी केली की टायर 'बसून' चालतो आणि जास्त पकडतो, हा समज ओल्या डांबरावर तरी उलटा ठरतो. त्या सूत्रात रुंदी नव्हती. पुढे 1980 च्या दशकात रिकाम्या ट्रकचा प्रश्न समोर आला, तेव्हा दिसलं की ठसा जितका आखूड आणि रुंद, तितकं तरंगणं कमी वेगाला सुरू होतं. माल उतरवून रिकामी परतणारी पिकअप आठवा: मागच्या चाकांवर भार उरलेला नसतो, ठसा आधीच आखडलेला असतो. त्यात टायर रुंद असला आणि उड्डाणपुलाच्या उतारावर पाणी साचलेलं असलं, तर मागची बाजू सटकायला फार वेग लागत नाही.

"रुंद टायर म्हणजे जास्त लोड." धंद्याच्या गाडीला याहून घातक समज नसेल. भार किती पेलेल ते बाजूवर छापलेला लोड इंडेक्स सांगतो. 185 आर 14 सी या अरुंद टायरवर 102 लिहिलेलं असतं, म्हणजे 850 किलो. 235/60 आर 16 हा त्याहून 50 मिलिमीटर रुंद. त्यावर 100 असेल तर क्षमता 800 किलो. अरुंद टायर जास्त वजन घेतो, कारण तो मालवाहू बांधणीचा आहे आणि जास्त हवा सोसतो. दिसायला दणकट म्हणून मोटारीचा टायर पिकअपला चढवून त्यावर सळ्या लादणं म्हणजे टायर फुटण्याची तारीख ठरवणं.

मायलेजच्या बाबतीत मात्र लोक थोडे उगाच घाबरतात. 215/75 आर 15 चा व्यास 703.5 मिलिमीटर, 235/75 आर 15 चा 733.5. चार टक्क्यांहून थोडा जास्त फरक. चाक मोठं, म्हणून फेरे कमी. खरे 100 किलोमीटर कापले तरी मीटरवर 96 च पडतात, आणि तेवढ्यानेच हिशेबात मायलेज चार टक्के खाली दिसतं. डिझेल जास्त लागतंच, कारण टायर जड असतो आणि जाडजूड नक्षी रस्त्याला घासते; पण घट मोजताना आधी मीटरची चूक वजा करावी. वेगाचा काटाही असाच मागे पडतो. तो 80 दाखवतो तेव्हा गाडी 83 च्या पुढे असू शकते. ओढही तेवढीच कमी होते, म्हणून भरल्या गाडीने चढ चढताना क्लच जास्त खपतो. या सगळ्याच्या बदल्यात गाडीची उंची किती वाढली? दीड सेंटिमीटर.

रुंद टायर बसावा म्हणून बाहेर निघालेल्या रिम घेतल्या जातात. मग हब बेअरिंग आणि किंगपिनवर ताण वाढतो, स्टीअरिंग जड होतं, पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो आणि चिखल दारापर्यंत उडतो. दिसतं झकास, हे मान्य. हौसेच्या गाडीला तेवढं कारण पुरतंही.

"टायर आपला, आरटीओला काय त्याचं?" खासगी गाडीवाल्याच्या तोंडी हे एक वेळ चालेल, तरी मोटार वाहन कायदा, 1988 मधलं फेरबदलांविषयीचं कलम 52 त्यालाही लागू आहेच. मालवाहू गाडीचं प्रकरण वेगळं आहे. त्याच कायद्याच्या कलम 58 नुसार प्रत्येक चाकाच्या टायरचं माप नोंदणीत लिहिलेलं असतं आणि गाडीचं एकूण मंजूर वजन त्याच्याशी बांधलेलं असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरीही माप बदलायचंच असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी कोणता टायर देते ते पाहावं. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नये, आणि रिमची रुंदी त्या टायरला चालते का हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून तपासावं. बजेट संपतं ते नेमकं स्टेपनीपाशी. चार नवे रुंद आणि पाचवा जुना अरुंद ठेवला, तर पंक्चर झाल्यावर एकाच अ‍ॅक्सलवर दोन व्यासांची चाकं येतात आणि डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं. फोर बाय फोर पिकअप असेल, तर अशा चाकांवर डांबरी रस्त्याला चारही चाकं जोडून चालवूच नये. ट्रान्सफर केसचा खर्च पाचव्या टायरच्या कितीतरी पट येतो.