वाळूजच्या यीस्टची दुसरी नोकरी

वाळूज एमआयडीसीत यीस्टला कामाची वानवा नाही. इथल्या बिअर कारखान्यांच्या टाक्यांत ते साखरेचं अल्कोहोल करतं. वोक्हार्टचं बायोटेक पार्कही याच वसाहतीत. या कंपनीचं वोसुलिन हे मानवी इन्शुलिन २००३ साली बाजारात आलं, तेही हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाच्या यीस्टकडून करवून घेतलेलं. माणसाचं जनुक यीस्टला वाचता येतं, याचा याहून रोकडा पुरावा कुठला?

पण बिअर काय, इन्शुलिन काय, ही झाली मजुरी. एखादं औषध पेशीत नेमकं कुणाला धरतं, हे शोधून देण्याचं काम याहून कसबाचं. ते करतं पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. १९९६ साली त्याचा जनुकसंच पूर्ण वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान पहिला त्याचा. जनुकं सुमारे सहा हजार. पुढे संशोधकांनी एकेक जनुक उडवलेले हजारो वाण तयार केले आणि प्रत्येकात डीएनएच्या वीस अक्षरांची वेगळी खूण घातली.

यीस्टच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती ठेवता येतात. त्यातली एक काढली की त्या जनुकाचं प्रथिन साधारण निम्म्यावर येतं. एरवी पेशीचं फारसं अडत नाही. औषध मात्र त्याच प्रथिनाला चिकटणारं असेल, तर आधीच तुटपुंजा साठा पुरत नाही आणि तो वाण मागे पडतो. म्हणून सगळे वाण एकाच चंबूत वाढवायचे, औषध टाकायचं, काही पिढ्या जाऊ द्यायच्या आणि खुणा मोजायच्या. वर्गातल्या हजेरीसारखं, लक्ष गैरहजर कोण याकडे. १९९९ मध्ये टनिकामायसिन घालून ही पद्धत तपासली, तेव्हा एएलजी७ या जनुकाची एक प्रत गमावलेला वाण मागे पडला. टनिकामायसिन त्याच जनुकाच्या प्रथिनाला धरतं, हे आधीपासून ठाऊक होतं. उत्तर माहीत असलेलं गणित घालून पद्धतीचीच परीक्षा घेतली, हे मला फार आवडतं.

रापामायसिनची गोष्ट याच्याही आधीची. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूचं हे द्रव्य, बुरशी मारणारं म्हणून नजरेत भरलेलं. १९९१ साली बासेलमध्ये त्याला दाद न देणारी यीस्ट निवडली गेली आणि त्यांतून रापामायसिनचं लक्ष्य असलेली टीओआर ही जनुकं सापडली. पुढे माणसातही तेच प्रथिन निघालं. आज मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने ते नाकारू नये म्हणून हे औषध देतात.

अर्थात यीस्टला ना यकृत, ना मेंदू. तिथे गुण आला म्हणून रोग्याला येईलच असं नाही. शिवाय यीस्ट ही बुरशीच, आणि बुरशीचं माणसाशी असलेलं हे नातं अंगाशीही येतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी महाराष्ट्रभर अॅम्फोटेरिसिनची शोधाशोध झाली. ते औषध बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं. आपलं कोलेस्टेरॉल त्याचंच भावंड, त्यामुळे मूत्रपिंडाला झळ बसते. म्युकर यीस्टपेक्षा बराच वेगळा, पण अडचण तीच: बुरशी मरावी आणि माणूस वाचावा, असं लक्ष्य हवं. यीस्टची सुमारे हजार जनुकं अशी आहेत, की त्यांच्यावाचून ते जगतच नाही. त्यांतली माणसात नसलेली कोणती, ही चाळणी नव्या बुरशीनाशकाच्या शोधात आधी लावावी लागते.