मुक्या पट्ट्यांचा पियानो

संगीतकार आर्वो पॅर्ट यांच्या लहानपणी घरात पियानो होता, पण अर्धामुर्धा. मधल्या सप्तकांच्या पट्ट्या बिघडलेल्या. धड वाजायच्या त्या दोन टोकांच्या. एस्टोनियातल्या राकवेरे गावचा हा मुलगा मग खर्जात नि तारात चाचपडत बसे. गावच्या चौकात खांबावर कर्णा होता. त्यावर रेडिओचा वाद्यवृंद लागला की ऐकण्यासाठी तो सायकलवरून खांबाभोवती घिरट्या घाली.

जन्म १९३५ चा, म्हणजे तारुण्य सोव्हिएत अमलात गेलं. १९६० च्या 'नेक्रोलॉग' या रचनेमध्ये बारा स्वरांचं पाश्चात्त्य तंत्र वापरलं म्हणून कानउघाडणी झाली. १९६८ च्या 'क्रेडो'त येशूवरची श्रद्धा उघड गायली गेली आणि रचनेवर अघोषित बंदी आली. पण त्याहून मोठी अडचण आतली होती: स्वतःच्याच सांगीतिक भाषेचा त्यांना वीट आला होता. पुढची आठ वर्षं, तिसरी सिंफनी सोडली तर, ते जवळजवळ गप्पच होते. चर्चमधलं ग्रेगोरियन गायन ऐकायचं आणि एकेरी सुरावटींनी वह्या भरायच्या, एवढंच.

१९७६ मध्ये ही कोंडी फुटली ती 'फ्यूर अलीना' या जेमतेम दोन पानांच्या पियानोरचनेत. ताल लिहिलेला नाही. आरंभी खर्जातला 'बी' घुमतो, पेडल दाबलेलंच राहतं आणि दोन्ही हात वरच्या सप्तकांत जातात. मधे नुसती पोकळी. मला तिथे राकवेरेचा तो पियानो ऐकू येतो. अर्थात हा माझा तर्क. 'बी'ला षड्ज मानून ऐकून पाहा. उजवा हात सुरावटीतून चालतो आणि डावा त्याच्या प्रत्येक स्वराखाली सा, कोमल गंधार, पंचम यांपैकीच एक स्वर ठेवतो. फक्त एकदा तो शुद्ध रिषभावर जातो. नेमक्या त्या जागी पॅर्ट यांनी स्वरलिपीत एक फूल काढलं आहे! तानपुऱ्यावर पोसलेल्या आपल्या कानाला हे सारं ओळखीचं वाटतं, पण नातं लावण्याची घाई नको. हा नाद घंटांचा आहे. पद्धतीचं नावही 'टिंटिनॅबुली', छोट्या घंटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून आलेलं.

१९७७ चा 'कांटुस' इंग्रज संगीतकार ब्रिटन यांच्या मृत्यूनंतरचा. तंतुवाद्यं एकच अवरोही स्वरमालिका वेगवेगळ्या लयींत उतरवत नेतात. ती थांबल्यावर घंटेची आस उरते.

१९८० मध्ये देश सुटला. व्हिएन्ना, मग बर्लिन. ते मायदेशी परतले २०१० मध्ये.

परतण्याआधीच्या 'लामेंताते' या रचनेमागची प्रेरणा मुंबईत जन्मलेल्या माणसाची. २००२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनात अनिश कपूर यांनी 'मार्सियस' हे शिल्प उभारलं: तीन पोलादी कडी आणि त्यांवर कातड्यासारखं ताणलेलं लाल पीव्हीसी, लांबी सुमारे दीडशे मीटर. मार्सियस म्हणजे ग्रीक पुराणकथेत अपोलो देवाशी वादनाची स्पर्धा हरून कातडी सोलवून घेतलेला वादक. त्या धुडासमोर पॅर्ट यांनी पियानो आणि वाद्यवृंदासाठी विलाप लिहिला, तोही मेलेल्यांसाठी नव्हे, जिवंतांसाठी. २००३ मध्ये तो त्याच शिल्पाखाली वाजला. एकूण दहा भाग. दुसऱ्याचं नाव 'निर्दय', शेवटच्याचं 'नाजूक आणि समेटाचा'.