तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

डॉक्टरबाईंच्या टेबलावर मी पिशवी ठेवली. शंभर ग्रॅम जिरं मिळतं तेवढी, झिपवाली. आत आठ दिवसांची गुंतवळ. न्हाणीघराच्या जाळीवरची, फणीतली, उशीवरची. आजी अशीच गुंतवळ गंगावनासाठी कोनाड्यात कोंबून ठेवायची. मी पुरावा म्हणून आणली होती.

त्यांनी पिशवीतला एक केस काढून कोऱ्या कागदावर ठेवला. एका टोकाला खसखशीहून बारीक पांढरा ठिपका. मला वाटलं, संपलं, मुळासकट आला. "मूळ आत शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "या केसाची वाढ कधीच थांबली होती. पडायचा तेवढा राहिला होता." मग औषध कंपनीचं उभं कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. "आता ऑक्टोबर. जुलैत काय झालं होतं?"

जुलैत डेंग्यू झाला होता. पाच दिवस ताप, सलाइन, पपईच्या पानांचा रस, सगळं लख्ख आठवत होतं. पण तो ताप आणि हे केस एका धाग्यात ओवावेत असं मनातही आलं नव्हतं. मी आपली सप्टेंबरात बदललेल्या शाम्पूला आणि सोसायटीत येणाऱ्या टँकरच्या पाण्याला शिव्या घालत होते.

डोक्यावर साधारण एक लाख केस. त्यातले दहातले नऊ एरवी वाढत असतात, महिन्याला सेंटिमीटरभर. उरलेला दहावा विसाव्याला बसलेला. विसावा तीन महिन्यांचा. तो संपला की केस गळतो आणि खालून नवा येतो. म्हणून रोज पन्नास-शंभर केस गेले तरी टक्कल पडत नाही. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपाशी राहून उतरवलेलं वजन असा धक्का बसला, की एरवी आपापल्या वेळेने थांबणारे केस एकदमच थांबतात. आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. डॉक्टरी भाषेत टेलोजेन एफ्लुव्हियम. शरीर उधारी लगेच वसूल करत नाही. मधल्या काळात आपण शाम्पू बदललेला असतो, आळ त्याच्यावर.

त्यांनी माझ्या कानामागची पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरली आणि मुळापासून शेंड्यापर्यंत सावकाश ओढली. नऊ केस हातात आले. कागदावर नोंद झाली: नऊ. फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो, म्हणून फेरिटिन.

मला हा हिशोब इतका आवडला की एका शनिवारी, पेशंटांना विचारून, मी त्यांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. केस गळण्याचं कारण शोधायचं म्हणजे सूक्ष्मदर्शक, रक्त, अहवाल असं मला वाटायचं. त्या सकाळी सर्वांत जास्त वापरलं गेलं ते कॅलेंडर.

चार महिन्यांची बाळंतीण आली, सोबत सासूबाई. "बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस जातात, आमच्याकडे म्हणतातच." मी मनात हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस गळायचे थांबतात, बाळंत झाल्यावर ते सगळे मिळून निघतात, तीन-चार महिन्यांनी. आणि बाळ माणसं ओळखायला लागतं तेही त्याच सुमारास. सासूबाईंची तारीख बरोबर होती, फक्त आरोपी चुकीचा.

मग एक चोवीस वर्षांचा मुलगा. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले. "हेल्मेटमुळे, मॅडम."

"हेल्मेट मागेही बसतं ना? मग मागचे केस कसे टिकले?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. डर्मोस्कोप, म्हणजे दिवा लावलेलं भिंग, त्याच्या भांगात टेकवून त्यांनी त्याला मोबाइलवर चित्र दाखवलं. दोरीसारख्या जाड केसांच्या शेजारी सुतासारखे बारीक. इथे तारीख सापडणार नव्हती. हे वर्षानुवर्षं चाललेलं काम; पुरुषी संप्रेरकाला दबणाऱ्या मुळांतून दर खेपेला आधीपेक्षा बारीक केस येतो. मागची मुळं दबत नाहीत, म्हणून तर केसरोपणासाठी केस तिथून काढतात. "मामांना टक्कल नाही," तो म्हणाला. वडिलांचा फोटो दाखव म्हटल्यावर गप्प झाला.

एका शाळकरी पोराला चाई पडली होती, रुपयाएवढी, गुळगुळीत. कुणीतरी लसूण चोळून कातडी भाजली होती. चाई म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पहारेकऱ्यांनी केसांच्या मुळांवर केलेला हल्ला. लसणाचा राग मला आजही येतो.

मधल्या वेळात बुलढाण्याचा विषय निघाला. 2025च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस हातात यायला लागले आणि काही दिवसांत टकलं पडली. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, त्यावर वादही झाले. डॉक्टरबाईंचा मुद्दा वेगळा होता. "दिवसांत गेले म्हणजे तीन महिने मागे बघायचं नाही. तिथे वाढता केसच मोडला. केमोथेरपीत मोडतो तसा. मग गेल्या काही आठवड्यांत पोटात काय गेलं, अंगाला काय लागलं, ते विचारायचं."

माझं फेरिटिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बाकी औषध नाही, नुसतं थांबायचं. हे पचायला जड गेलं, कारण एका पार्लरमध्ये मी आधीच अठराशे रुपयांचं सिरम घेऊन बसले होते. थांबण्याचे पैसे कुणी घेत नाही, म्हणून ते औषध वाटत नाही.

जानेवारीत पुन्हा गेले. तीच बट, तीच चिमटी. दोन केस आले. भिंग भांगात टेकवून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला: काळ्याभोर, तोकड्या केसांची रांग, शेंडे सुईसारखे निमुळते. कात्री लागलेल्या किंवा तुटलेल्या केसाचा शेंडा बोथट असतो, हा निमुळता म्हणजे नवा.

गेल्या आठवड्यात त्याच पार्लरमध्ये भुवया करायला गेले होते. मुलीने माझ्या भांगालगत उभे राहिलेले बोटाएवढे केस तळव्याने दाबून पाहिले, ते परत उभे राहिले. "मॅडम, किती तुटतायत बघा," ती हळहळली. "आमचं नवीन सिरम आलंय."