गढीची क्षेत्रभेट : इंदुरीच्या दाभाडेकालीन भुईकोटाच्या संदर्भात

प्रास्ताविक

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस कोपरी, तर पश्चिमेस काही अंतरावर ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी बांधावयास घेतलेला हा कोट १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला. आज तेथे मध्यवर्ती कारागृह असल्याने अभ्यासकांस तो आतून पाहता येत नाही. साहजिकच कोपरीहून निघणाऱ्या इतिहासाच्या सहलीला दुसरे स्थळ शोधावे लागते व बहुधा डोंगरी किल्ल्याची निवड होते. तथापि मराठेशाहीची सत्ता जशी गडांवर, तशीच घराण्यांच्या तटबंद वास्तूंतही नांदत होती. अशा वास्तूची भेट कशी फलदायी ठरू शकते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गढी : स्वरूप व कार्य

डोंगरी किल्ला राज्याचा असे. त्याचा किल्लेदार बदलत असे. गढी मात्र देशमुख, पाटील किंवा सरदार घराण्याची असे व वतनाबरोबर वारशाने चाले. वेशीसारखा दरवाजा, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, कारभाराची सदर, चौक, त्यामागे माजघर, धान्याचे बळद व पेव आणि विहीर, अशी तिची सर्वसाधारण रचना आढळते. बाहेरच्या माणसाने कोठवर यावे, हे ही रचनाच ठरवीत असे. वसुली, न्यायनिवाडा, सण आणि संकटकाळी गावाचा आसरा ही सर्व कार्ये एकाच तटाआड चालत. म्हणून गढी हे एकाच वेळी घर, कचेरी व कोट होते.

इंदुरी व दाभाडे घराणे

पुणे जिल्ह्यात तळेगाव-चाकण मार्गावर, इंद्रायणीच्या काठी इंदुरीचा भुईकोट आहे. ठाण्याहून लोणावळामार्गे तळेगावला रेल्वेने जाता येत असल्याने एका दिवसाच्या क्षेत्रभेटीस तो सोयीचा आहे. खंडेराव दाभाडे यांना शाहू छत्रपतींनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. त्यानंतर लवकरच, १७२०-२१ च्या सुमारास, हा कोट उभा राहिला असे मानले जाते. गुजरातेतील स्वाऱ्यांवर या घराण्याचे वैभव उभे होते. बडोद्याचे गायकवाड प्रथम दाभाड्यांच्याच पदरी पुढे आले.

मात्र गुजरातेच्या हक्कावरून पेशव्यांशी संघर्ष झाला. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव बाजीरावांच्या सैन्याकडून मारले गेले. पुढे खंडेरावांच्या पत्नी उमाबाई यांनी घराण्याचा कारभार सांभाळला. १७५१ मध्ये दाभाडे मंडळी पेशव्यांच्या कैदेत पडली व घराण्याचे राजकीय महत्त्व ओसरले. हा क्रम ध्यानी घेतला, म्हणजे इंदुरीचा तट केवळ शत्रूसाठी नव्हता, तर घराण्याची प्रतिष्ठा सांगणारी ती खूणही होती, हे उमगते.

स्थळवाचन

भव्य प्रवेशद्वार, बुरूज व तटाचे अवशेष आजही दिसतात. कडजाई देवीचे मंदिर आत आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम नदी, गाव व दरवाजा यांचा परस्परसंबंध नकाशावर मांडावा. तटाच्या खालच्या भागातील दगडी व वरील भागातील विटांचे काम वेगळे नोंदवावे. त्यातून साधनांची उपलब्धता व दुरुस्तीच्या पायऱ्या यांविषयी प्रश्न उपस्थित करता येतात. मंदिर हे श्रद्धेचे स्थान असल्याने ग्रामस्थांच्या संमतीनेच छायाचित्रण करावे. ग्रामस्थांकडून मिळणाऱ्या आख्यायिका स्वतंत्र रकान्यात लिहाव्यात. कागदपत्रांतील माहितीशी त्यांची सरमिसळ करू नये.

जतनाचा प्रश्न

मराठी ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीस ‘काळी’ व वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणत. अनेक गढ्यांचे तट व आतील घरे याच पांढऱ्या मातीची. शेतात टाकण्यासाठी व धाब्याच्या घरांसाठी ती उपसली गेल्याने कित्येक गढ्या टेकाडाच्या रूपाने उरल्या आहेत. १९४८ चा कूळकायदा व १९५० चा परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायदा यांनी ग्रामीण समाजाला न्याय्य दिशा दिली. परंतु वतनाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या वास्तूंचा आधारही त्याबरोबर संपला. प्राचीन स्मारकांविषयीचा राज्याचा १९६० चा अधिनियम संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्थळांपुरताच लागू पडतो. उरलेल्या गढ्यांचे भवितव्य मालकांच्या ऐपतीवर व गावाच्या आस्थेवर अवलंबून राहते.

समारोप

ढासळणारी प्रत्येक भिंत सावरणे महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाही. तिची मोजमापे, आराखडा व छायाचित्रे सिद्ध करणे निश्चितच आहे. दरवर्षी एका वर्गाने एका गढीची अशी नोंद केली व तिची एक प्रत ग्रामपंचायतीस दिली, तर भिंत पडल्यानंतरही तिचा पुरावा उरेल. सहलीचे अध्ययनात रूपांतर होते ते याच टप्प्यावर.