वीस रुपये भार

कॉलेजच्या फीसाठी आजीने पायांतले तोडे काढून दिले. “वीस रुपये भार आहेत,” म्हणाली. वाशीतल्या सराफाकडे काट्यावर भरले २३३ ग्रॅम. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आजीचा हिशेब चोख! पण वजन म्हणजे चांदी नव्हे. त्या रुपयात चांदी शेकडा ९१.६७, तर १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. तोड्यांत तांबे, शिवाय सांध्यांना डाग. सराफाने सरसकट साठ टक्के धरले, म्हणजे १४० ग्रॅम. मी यंत्रावर कस पाहायला लावला; निघाला ८०. शुद्ध चांदी १८६ ग्रॅम! तिला त्या दिवसाचा भाव लावून गाळणीची घट वजा केली. घडणावळ मोडीत बुडतेच. फी एकाच तोड्यात भागली. दुसरा आजीने पदराला बांधला.