आंब्यातील संकरित वाणनिर्मिती : ‘रत्ना’ व ‘सिंधू’ यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे. पाण्याची सोय झालेल्या अशा परिसरात शेतकरी फळबागेकडे वळणे स्वाभाविक आहे. परंतु आंब्याच्या वाणाची निवड चुकल्यास ती चूक झाडाला फळे लागल्यावरच, म्हणजे काही वर्षांनी लक्षात येते. म्हणून सुधारित वाण कसा निर्माण होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषय विवेचन :
हापूस स्वादात श्रेष्ठ मानला जातो; मात्र तो बहुधा वर्षाआड फळतो आणि त्याच्या फळात साका आढळतो. साक्यामुळे गराचा काही भाग पांढरट, स्पंजासारखा व आंबट होतो. हा दोष फळ कापेपर्यंत दिसत नाही. दक्षिणेकडील नीलम हा वाण दरवर्षी फळणारा आहे. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा नियमित फळणारा व साकाविरहित वाण निर्माण झाला. तो कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केला. पुढे रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून अत्यंत पातळ कोयीचा ‘सिंधू’ १९९२ मध्ये प्रसारित झाला.

हे कार्य वेळखाऊ आहे. मोहोरातील द्विलिंगी फुलांचे पुंकेसर काढून त्यांवर दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात. धरलेली बहुतेक फळे गळतात. उरलेल्या प्रत्येक फळातून एकच कोय मिळते आणि प्रत्येक कोयीचे झाड गुणांनी वेगळे निघते. त्यांतील उत्तम झाड निवडून त्याची वाढ कलमांद्वारेच केली जाते. साहजिकच रत्नाची कोय पेरून रत्ना मिळत नाही.

परसबागेसाठीही संशोधन उपयुक्त ठरले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशेरी व नीलम यांच्या संकरातून निर्माण केलेला ‘आम्रपाली’ ठेंगणा असल्याने थोड्या जागेत लावता येतो.

निष्कर्ष :
कोकणच्या दमट हवेत सिद्ध झालेला वाण मराठवाड्याच्या कोरड्या हवामानात तेच गुण दाखवील, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे सिद्धेश्वर परिसरातील शेतकऱ्यांनी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घेऊन खात्रीच्या रोपवाटिकेतील कलमेच लावणे हिताचे ठरेल. संशोधकांचे अनेक वर्षांचे श्रम शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचतात ते या कलमाच्याच रूपाने.