थायलंडला जाताय? वस्तीतला विहार बघून या

थायलंड म्हटले की आपल्याकडच्या तरुणांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक पटाया-फुकेतच्या किनाऱ्याचे, दुसरे सोनेरी बुद्धमूर्तींचे. सहल कंपन्या दोन्ही चित्रे पाच दिवसांत दाखवून आणतात. पण हाताशी दहा-बारा दिवस असतील, पाठीवरच्या एका बॅगेत भागवायची आणि स्वस्त वसतिगृहात राहायची तयारी असेल, तर लोकांच्या रोजच्या जगण्यातला धम्म जवळून बघता येतो. आंबेडकरी तरुणांनी हा प्रवास का आणि कसा करावा, याविषयी थोडे.

ओळखीचे शब्द

थायलंडचे अधिकृत कॅलेंडर बुद्ध संवत वापरते. इसवी सनात ५४३ मिळवले की तिथले वर्ष मिळते, म्हणजे २०२५ साली तिथे २५६८ असते. वैशाख, माघ आणि आषाढ पौर्णिमेला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्रीवर निर्बंध असतात. कान देऊन ऐकले तर भाषाही परकी वाटत नाही. ‘बुन’ म्हणजे पुण्य, ‘चेदी’ म्हणजे चैत्य, ‘नाखोन’ म्हणजे नगर, ‘फान्सा’ म्हणजे वर्षावास. १३ ते १५ एप्रिलला साजरा होणाऱ्या ‘सोंगक्रान’ या नववर्षाच्या नावात आपलाच संक्रांती शब्द आहे. पर्यटकांना त्यात फक्त पाण्याची धमाल दिसते. घरोघरी मात्र बुद्धमूर्तीवर आणि वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाणी ओतून आशीर्वाद घेतले जातात. १४ एप्रिलला तिथे असाल, तर भीमजयंती आणि सोंगक्रान एकाच दिवशी अनुभवाल.

सकाळी सहा वाजता

पहिले काम म्हणजे लवकर उठणे. पहाटे भिक्खू अनवाणी, रांगेने भिक्षापात्र घेऊन निघतात. दुकानदार, नोकरदार बायका, शाळकरी मुले रस्त्याच्या कडेला भात-भाजी घेऊन थांबलेली असतात. इथे देणारा हात जोडतो आणि घेणारा आभार मानत नाही. दान देण्याची संधी मिळाली, ही उपासकाची भावना असते. समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर यात एक पक्की व्यवस्था आहे. रोजच्या जेवणासाठी भिक्खू वस्तीवर अवलंबून आहे, त्यामुळे संघाला वस्तीपासून तुटून राहता येत नाही. तुम्हीही बाजारातून अन्न घेऊन दान देऊ शकता. फक्त भिक्खूंच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका.

विहार उघडा असतो

थायलंडमध्ये ४० हजारांच्या आसपास विहार आहेत. पूर्वी गावची शाळा विहारातच भरायची. आजही अनेक सरकारी शाळा विहाराच्या आवारात किंवा शेजारी दिसतात. अंत्यसंस्कार, जत्रा, गावाच्या बैठका असे बरेच काही तिथेच होते. गरीब शेतकरी कुटुंबातील मुले श्रामणेर होऊन शिकतात आणि पुढे चीवर उतरवून संसारालाही लागतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला प्रव्रज्येसाठी १२० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

आता आपल्याकडे पाहा. लोकांनी पदरमोड करून बांधलेली कितीतरी विहारे जयंती आणि पौर्णिमा सोडली तर कुलूपबंद असतात. तिथल्या विहारात मूर्ती किती उंच आहे यापेक्षा दिवसभर कोण येते, कशासाठी येते आणि खर्च कसा भागतो, हे वहीत टिपून आणले, तर त्याचा उपयोग आपल्या वस्तीला होईल.

प्रश्नही विचारा

थायलंडला गेल्यावर आपल्या माणसाच्या मनात दोनपैकी एक विचार येतो. ‘खरा बौद्ध धर्म इथेच, आपण नावाचेच’ किंवा ‘हे तर आपण सोडून आलेलेच कर्मकांड’. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

घरासमोर, दुकानासमोर भूतात्म्यांसाठी छोटी देवघरे दिसतात. ताईत विकले जातात. बँकॉकच्या मध्यवर्ती एरावान देवळात ब्रह्मदेवापुढे रांगा लागतात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे खटकणारच, आणि खटकले पाहिजे. तिथे हात जोडायची सक्ती कुणी करत नाही. बाजूला उभे राहून बघावे, यजमानांची टिंगल मात्र करू नये.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. भिक्खूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये असा संघाचा १९२८ चा आदेश आहे. त्यामुळे धम्मनंदा यांना २००३ मध्ये श्रीलंकेत जाऊन भिक्खुणीची उपसंपदा घ्यावी लागली. नाखोन पाथोम येथे त्यांचा भिक्खुणी विहार आहे. आपल्या तरुणींनी तिथे आवर्जून जावे.

कर्मकांडाला विरोध थायलंडच्या आतूनही झाला आहे. बुद्धदास भिक्खूंनी १९३२ मध्ये दक्षिणेतील चैया येथे ‘सुआन मोक्ख’ सुरू केले आणि आयुष्यभर अंधश्रद्धेवर टीका केली. तिथे परदेशी लोकांसाठी दहा दिवसांचे शिबिर होते. उत्तरेत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही भिक्खूंनी झाडांना चीवर गुंडाळून जंगलतोड रोखण्याचा प्रयत्न केला. भिक्खू हा स्वतःपुरती साधना करणारा की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत उभा केला आहे. त्याची काही उत्तरे इथे चालताबोलताना दिसतात.

जाताना एवढे लक्षात ठेवा

व्हिसाचे नियम बदलत असतात, ते दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन मोफत भरता येते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

बँकॉकमध्ये बॅगवाल्या प्रवाशांची खाओ सान गल्ली प्रसिद्ध आहे. तिथून काही मिनिटांवर बोवोर्ननिवेत विहार आहे. राजा होण्यापूर्वी २७ वर्षे भिक्खू असलेले मोंगकुट तिथे प्रमुख होते. संघाच्या सुधारणेची चळवळ त्यांनीच उभी केली. तिथून साध्या रेल्वेने अयुथ्थयाला जा. १७६७ च्या ब्रह्मी आक्रमणात उद्ध्वस्त झालेली ही राजधानी आहे. पुढे चियांग माईला काही विहारांत ‘मंक चॅट’ चालते. तिथे तरुण भिक्खू इंग्रजीचा सराव म्हणून प्रवाशांशी मोकळेपणाने बोलतात. त्यांना बाबासाहेबांविषयी जरूर सांगा.

विहारात खांदे-गुडघे झाकलेले असावेत, पाय मूर्तीकडे करू नयेत. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये, वस्तू थेट हातात देऊ नये. हा नियम पटो न पटो, पाळावा लागतो. कार्यकर्त्यांसाठी खास सूचना म्हणजे राजघराण्यावर टीका नको, समाजमाध्यमांवरही नको. कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे.

परत आल्यावर फोटो सगळेच टाकतात. तुम्ही येत्या रविवारी आपल्या विहारात तासभर बसा, वही उघडा आणि काय घ्यावे, काय सोडावे यावर चर्चा घडवा. विहाराला कुलूप असेल, तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारण्यापासून सुरुवात करा.